रानातली स्ट्रॉबेरी कुंडीत: कोणतं बी घ्यायचं, कधी पेरायचं आणि फुलं का येत नाहीत

थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हातगाडीवर आली की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे घरोघरची तक्रार: "दिसायला लालभडक, पण वास कुठाय?" आणि दुसरी, मोबाइलवर 'वाइल्ड स्ट्रॉबेरी', 'अल्पाइन स्ट्रॉबेरी' अशा नावांनी बियांच्या जाहिराती. चित्रात नखाएवढी लाल फळं आणि खाली आश्वासन, 'बाल्कनीत लावा, वर्षभर खा'.

ही स्ट्रॉबेरी खोटी नाही. ती कुंडीत येते, आपल्याकडेही येऊ शकते. 'वर्षभर' हे मात्र जाहिरातवाल्यांचं. गोम अशी की एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्वभावांची झाडं विकली जातात आणि त्यातलं एक पुण्या-नाशिकच्या हवेत हिरवंगार वाढतं, पण फुलायचं नाव घेत नाही. पाणी, खत, ऊन सगळं करून माणूस थकतो आणि शेवटी 'आपल्या हाताला गुण नाही' म्हणून कुंडी रिकामी करतो. हाताचा काही संबंध नसतो, बी चुकीचं असतं.

## ही नेमकी कोणती स्ट्रॉबेरी?

शास्त्रीय नाव फ्रागारिया वेस्का. युरोपभर, आशियाच्या थंड पट्ट्यात आणि उत्तर अमेरिकेत ती जंगलाच्या कडेला, पायवाटांच्या बाजूला, झाडं तोडून मोकळ्या झालेल्या जागेत उगवते. झाड वीतभर उंच, प्रत्येक पानाला कातरलेल्या कडांची तीन दलं, फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं. फळ एक-दोन सेंटीमीटरचं, देठावरून खाली लोंबणारं. स्वीडनमध्ये मुलं उन्हाळ्यात गवताची एक लांब काडी तोडतात, तिच्यात ही फळं गजऱ्यासारखी ओवतात आणि ओवून झाली की एकेक ओढून खातात.

बागेत लावायचा नादही जुना. चौदाव्या शतकात फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याने पॅरिसच्या लूव्र राजवाड्याच्या बागेत तिची बाराशे रोपं लावून घेतली होती. आजची मोठी स्ट्रॉबेरी तेव्हा जन्मालाही यायची होती.

भारतातही तिचं गोत आहे. हिमालयात फ्रागारिया नुबिकोला नावाची जवळची जात सापडते. दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरांत फ्रागारिया निल्गेरेन्सिस आहे. तिचं फळ पांढुरकं-गुलाबी आणि पानं चामड्यासारखी जाड, लवदार.

उटी, सिमला किंवा दार्जिलिंगला गेलेल्यांना आणखी एक झाड भेटतं आणि हमखास फसवतं. पानं तशीच तीन दलांची, फळ तसंच लाल, चेंडूसारखं गोल. तोंडात टाकलं तर चव पाण्याची. ही नकली स्ट्रॉबेरी, पोटेंटिला इंडिका. ओळखायची खूण सोपी: हिचं फूल पिवळं असतं आणि फळ लोंबत नाही, वर तोंड करून उभं राहतं. खाल्ली तर अपाय नाही, पण तिथून रोप उपटून आणलंत तर घरी तेच पिवळं फूल फुलणार. रानातून खरं रोप उपटून आणणंही बरं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

## दोन संच आणि आठ संच

आता थोडं अवघड, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. सजीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात, म्हणजे तो जीव कसा घडवायचा याच्या लेखी सूचना. घरातल्या पाककृतींच्या वह्याच म्हणा. स्ट्रॉबेरीच्या घराण्यात अशा ७ वह्यांचा एक संच असतो. रानस्ट्रॉबेरीकडे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. एकूण १४ वह्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीकडे मात्र आठ संच असतात, म्हणजे ५६ वह्या!

एवढा पसारा आला कुठून? फार पूर्वी, माणसाचा हात लागण्याआधीच, वेगवेगळ्या रानटी जातींचे संच एकत्र येऊन अमेरिका खंडात आठ संचांच्या स्ट्रॉबेरी तयार झाल्या. त्यातला एक संच फ्रागारिया वेस्काच्या घराण्यातूनच आलेला आहे. आपण पाचगणीला क्रीम घालून खातो त्या प्रत्येक फळात या रानातल्या बाईचा वाटा आहे तो असा.

पुढची गोष्ट अठराव्या शतकातली. फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी इंजिनियर १७१४ मध्ये चिलीहून परतताना तिथल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आला. लांबच्या समुद्रप्रवासात त्यातली पाचच जगली, आणि ती सगळी मादी निघाली. पानं भरपूर, फळाचा पत्ता नाही. पुढे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटनी भागात ती उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनियाना जातीच्या शेजारी लावली गेली, परागकण मिळाले आणि दोघींच्या संकरातून आजची मोठी स्ट्रॉबेरी जन्मली. ही सोयरीक नीट ओळखून १७६६ मध्ये पुस्तकात मांडणारा द्युशेन तेव्हा विशीतलाही नव्हता.

मोठी स्ट्रॉबेरी म्हणजे जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेली) किंवा इंजेक्शन दिलेली, असं ज्यांना व्हॉट्सॲपवर कळलं आहे त्यांच्यासाठी एवढं पुरे. हा बागेत घडलेला संकर आहे, त्यावर अडीचशे वर्षं निवड होत गेली. आणि आठ संच असले की फळ मोठंच होतं असंही नाही. व्हर्जिनियाना आठ संचांची असूनही तिचं फळ बारीकच असतं. मोठेपणा आला तो चिलीच्या जातीकडून आणि माणसाने केलेल्या निवडीतून.

कुंडीवाल्याला या हिशेबाचा उपयोग काय? फ्रागारिया वेस्का स्वतःच्याच परागकणांनी फळते आणि तिच्या वह्या दोनच संचांच्या, त्यामुळे बियांतून आलेलं रोप जवळजवळ आईसारखंच निघतं. मोठ्या स्ट्रॉबेरीचं बी पेरलं तर उगवेल, पण आठ संचांच्या सरमिसळीतून काय निघेल याचा नेम नाही. म्हणूनच महाबळेश्वरचा शेतकरी बी पेरत नाही. तो मदर प्लांट आणतो, त्याला सुटलेल्या रनरपासून रोपं करतो आणि पावसाळा सरता सरता गादीवाफ्यावर लावतो. रनर म्हणजे झाडापासून जमिनीवर सरपटत जाणारी दोरीसारखी फांदी. तिच्या पेराला मुळं फुटून नवं रोप बनतं.

## फुलं का येत नाहीत?

रानातली मूळ स्ट्रॉबेरी वर्षातून एकदाच फुलते. युरोपात शरद ऋतूत दिवस लहान आणि गार होऊ लागले की झाड आतल्या आत कळी धरतं, बर्फाखाली झोपतं आणि वसंतात फुलतं. नॉर्वेत झालेल्या प्रयोगांत दिसलं की तापमान ९ अंशांच्या आसपास असेल तर दिवस कितीही लांबीचा असो, झाड कळी धरतं. १५ ते १८ अंशांना दिवस लहानच लागतो. तापमान सतत २१ अंशांच्या वर राहिलं तर कळी धरतच नाही. आणि हा गारवा एखाद्या रात्रीचा चालत नाही, काही आठवडे टिकावा लागतो.

आता पुण्याचा डिसेंबर आठवा. पहाटे स्वेटर, दुपारी पंखा. झाड त्या दुपारीच अडकतं. दिल्लीकडे किंवा डोंगरात ही मूळ जात कदाचित दाद देईल, पण दख्खनच्या पठारावर तिच्याकडून फुलांची आशा धरण्यात अर्थ नाही.

दुसरा स्वभाव अल्पाइन स्ट्रॉबेरीचा. जात तीच, फ्रागारिया वेस्का, पण आल्प्स पर्वताच्या बाजूने युरोपच्या बागांत आलेला प्रकार. रानातल्या झाडाच्या वहीत 'आत्ता फुलू नकोस' अशी एक सूचना लिहिलेली असते. लहान, गार दिवस आले की तीच सूचना दबते. अल्पाइनच्या वहीत या सूचनेतली दोन अक्षरं गळालेली आहेत. सूचना वाचताच येत नाही, त्यामुळे अडवणारं कोणी नाही आणि झाड महिनोन्‌महिने फुलत राहतं. गुणसूत्रावरच्या अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. फ्रागारिया वेस्काचा सगळा जनुकीय मजकूर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोन अक्षरांचा हा घोळ २०१२ मध्ये सापडला.

बागेतल्या बऱ्याच अल्पाइन प्रकारांना रनरही फुटत नाहीत. तिथेही तसंच काहीसं आहे, दुसऱ्या एका जनुकातली नऊ अक्षरं गायब. पिवळट-पांढऱ्या फळाच्या प्रकारात तर एकच अक्षर बदललेलं आहे, तेवढ्याने लाल रंग तयार व्हायचा थांबतो. अकरा-बारा अक्षरांच्या चुकांवर बागवानांनी एक अख्खं झुडूप मिळवलं म्हणायचं.

तेव्हा आपल्याकडे लावायची ती अल्पाइन. तीही गरमीची भोक्ती नाही, आणि दिवस मोठे झाले की जास्त फुलते. म्हणून ऐन थंडीत ती सावकाश चालते आणि जानेवारी उलटल्यावर, दिवस वाढू लागले आणि उकाडा अजून आला नाही अशा काळात खरी रंगात येते.

## पाकीट घेताना

पाकिटावर नुसतं 'वाइल्ड स्ट्रॉबेरी' असेल तर ठेवून द्या. 'अल्पाइन' हा शब्द, किंवा फ्रागारिया वेस्कापुढे 'सेम्परफ्लोरेन्स' असं असावं. नावाजलेले वाण म्हणजे 'रुगेन', 'बॅरन सोलेमाखर', 'अलेक्झांड्रिया' आणि पिवळ्या फळाचा 'येलो वंडर'. पॅकिंगची तारीख बघा, जुनं बी आळशी असतं.

निळी, काळी, जांभळी स्ट्रॉबेरी दाखवणारी पाकिटं घेऊ नका. निळ्या फळाची स्ट्रॉबेरी अस्तित्वात नाही. फोटो रंगवलेला असतो, आणि आत काय निघेल ते उगवल्यावर कळतं.

## बी फ्रीजमध्ये, मग मातीवर

बी म्हणजे धुळीचे कण. एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर मावतात. थंड प्रदेशातलं बी असल्यामुळे हिवाळा सरला असं वाटल्याशिवाय ते एकसारखं उगवत नाही. हा हिवाळा आपण फ्रीजमध्ये दाखवायचा. ओलसर टिश्यू पेपरवर बी पसरायचं, घडी घालून छोट्या डबीत बंद करायचं आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही.

हिशेब लक्षात राहायला सोपा: आषाढी एकादशीला फ्रीजमध्ये, नागपंचमीला बाहेर. मधले साडेतीन आठवडे बरोबर बसतात. आणि पावसाळ्यातल्या त्या दिवसांत पठारावर हवा पंचविशीच्या आसपास असते, ती या बियांना चालते. ऑक्टोबरच्या उन्हात पेरलं तर रोपं फळायला येईपर्यंत मार्च संपतो आणि सगळं मुसळ केरात. नागपंचमीला जमीन खणायची नसते म्हणून घरातलं कोणी हटकेल, तर सांगा की हे बी पुरायचंच नसतं.

खरंच पुरायचं नसतं. या बियांना उगवायला उजेड लागतो. उथळ ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत मिसळून घ्या, दाबून सपाट करा, पाणी शिंपडून ओलं करा. टूथपिकचं टोक ओलं करून एकेक बी उचला आणि मातीवर टेकवा. वर माती टाकायची नाही. केकचा किंवा मिठाईचा पारदर्शक डबा उपडा घाला आणि ट्रे उजेडात, पण थेट ऊन आणि पाऊस लागणार नाही असा ठेवा. पाणी वरून ओतलं तर बिया वाहून कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून ट्रे पाण्याच्या थाळीत ठेवायचा आणि खालून ओल चढू द्यायची.

मग वाट बघायची. काही बिया दोन आठवड्यांत उगवतात, काही महिनाभर घेतात, एकाच पाकिटातल्या असल्या तरी. आधी टाचणीच्या डोक्याएवढी दोन पानं दिसतात. त्यानंतरचं पहिलं खरं पान एकाच दलाचं असतं, तीन दलांची पानं नंतर येतात. तेव्हा 'हे तर भलतंच काहीतरी उगवलं' म्हणून उपटू नका. रोपं उगवली की झाकण रोज थोडं थोडं उघडं ठेवा. पावसाळी दमट हवेत झाकण बंद राहिलं की बुरशी येते आणि रोपं मुळाशी काळी पडून कोलमडतात. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात जास्तीत जास्त रोपं मरतात ती इथेच.

## कुंडी, ऊन, पाणी

तीन-चार पानं आली की रोप हलवा. वीतभर रुंद-खोल कुंडी एका रोपाला पुरते. माती भुसभुशीत आणि किंचित आम्लधर्मी, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा, म्हणून राख किंवा चुना घालू नका. बागेची माती, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी जाडसर वाळू हे मिश्रण चालतं. लावताना रोपाचा क्राऊन, म्हणजे जिथून सगळी पानं फुटतात तो बुंधा, मातीच्या पातळीवर राहिला पाहिजे. मातीखाली गेला तर सडतो, वर उघडा राहिला तर मुळं सुकतात.

सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली ही उत्तम जागा, म्हणजे पूर्वेची बाल्कनी. पाणी रोज थोडं, साचू द्यायचं नाही. नत्राचा मारा केला तर पानं माजतात आणि फुलं रुसतात. महिन्याकाठी मूठभर गांडूळखत बास.

फुलांबद्दल एक गंमत. स्ट्रॉबेरीवर ज्यांना आपण बिया म्हणतो ते एकेक कण म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकेक फळ, आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. ज्या कणापर्यंत पराग पोहोचतो, त्याच्याभोवतीच गर फुगतो. ज्याला पराग मिळत नाही तिथे फळ खप्पड राहतं. सातव्या-आठव्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नसतील तर रंगकामाचा मऊ ब्रश सकाळी प्रत्येक फुलात गोल फिरवा. एवढ्याने वाकडीतिकडी फळं बरीच कमी होतात.

बुलबुल आणि खारी लाल रंगावर टपलेल्या असतातच. जाळी लावायची नसेल तर पिवळ्या फळाचा वाण लावा. पाखरांना तो कच्चा वाटतो. आपल्याला मात्र बोट लावून बघावं लागतं: पिकलेलं फळ जरासं धरलं की सुटून हातात येतं.

## "एवढ्याशा फळासाठी एवढा उपद्व्याप?"

प्रश्न रास्त आहे. पाच-सहा कुंड्यांतून एका वेळी मूठभर फळं निघतील. शिकरण सोडा, वाटीभर क्रीमवर पसरायलाही पुरणार नाहीत. ज्याला भरपूर फळ हवं त्याने पाटी विकत आणावी, मी त्याला अडवणार नाही.

ही लावायची ती वासासाठी. पिकलेली अल्पाइन स्ट्रॉबेरी कुंडीजवळून जाताना कळते. तिच्या वासात मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं एक सुगंधी द्रव्य असतं, द्राक्षाच्या चवीच्या गोळ्यांमध्ये वापरतात तेच. मोठ्या स्ट्रॉबेरीच्या बहुतेक वाणांतून ते निसटलं आहे, कारण निवड होत गेली ती आकार, कडकपणा, रंग आणि प्रवासाची ताकद बघून.

यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही. त्याचं फळ डोंगर उतरून मुंबईच्या आणि त्याहून लांबच्या बाजारात न चेपता पोहोचलं पाहिजे. शिवाय स्ट्रॉबेरी आंबा-केळ्यासारखी आढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही. प्रवासासाठी ती जरा आधी तोडावीच लागते आणि चव तिथे जाते. तोच वाण पाचगणीजवळच्या भिलार गावातल्या वाफ्यात उभं राहून, पुरता पिकल्यावर खाल्ला तर तक्रारीला जागा उरत नाही. रानातली स्ट्रॉबेरी तर तोडल्यावर दिवसभरात मऊ पडून पाणी सोडते. ती बाजारात येणार कशी? तोडायची मजुरीच फळाच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

## उन्हाळ्याचं काय?

मार्चच्या शेवटी फुलं थांबतात, पानांच्या कडा करपू लागतात. हिरव्या जाळीखाली, ओल्या विटांवर कुंडी ठेवून, सुकी पानं काढत राहिलं तर काही झाडं तगतात. महाबळेश्वरसारख्या उंचीवर उन्हाळा सोपा, पण तिथे पावसाळा झाडाच्या मुळावर येतो, छप्पर लागतंच. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात ही झाडं जगवण्यासाठी जीव पाखडू नये. झेंडू-शेवंतीसारखं हे एका हंगामाचं झाड धरावं आणि फेब्रुवारीतच पुढच्या वर्षाची सोय करावी.

त्यासाठी सगळ्यात चांगल्या झाडाची चार-पाच पूर्ण पिकलेली फळं बाजूला काढा. कागदावर चेपून पसरा आणि सावलीत खडखडीत वाळू द्या. मग बोटांनी चोळलं की कण सुटतात. ते कागदी पुडीत भरून, वर वाणाचं नाव आणि महिना लिहून, पुडी कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. तिला पुढच्या आषाढीपर्यंत ओल लागू देऊ नका.